बंदी सरसकट नको

आज मिनेसोटात मित्राचा पाळलेला बर्मी अजगर पाहिला. 2012 मध्ये अमेरिकन सरकारने या जातीची आयात आणि राज्याबाहेर नेणं बंद केलं. म्हणजे तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जायचं तर अजगर मागे ठेवा! मूळ प्रस्ताव मोठ्या सापांच्या नऊ जातींचा. 2015 पर्यंत आठांवर बंदी आली, बोआ हा साप तेवढा सुटला. पाळणारे कोर्टात गेले आणि 2017 मध्ये राज्याराज्यांतली वाहतूक पुन्हा मोकळी झाली.

फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात या अजगरांनी रॅकून हे छोटे सस्तन प्राणी जवळपास संपवले, तिथे कडक नियम हवेतच. पण इथल्या बर्फात हा प्राणी उघड्यावर हिवाळा काढूच शकत नाही. मग देशभर एकच बंदी लावून इथल्या माणसाला गुन्हेगार का ठरवायचं? मला पाळणाऱ्यांचं म्हणणं मनापासून पटतं.