आमची वाटचाल : परदेशी डिस्क आणि पडतळाचा हिशेब

परदेशातून सवलतीच्या हार्ड डिस्क आणून, तपासून विकणं हा आमचा धंदा. पहिल्या भागीदाराने घालून दिलेला नियम आजही चालतो: पडतळ, म्हणजे माल हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च, निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगायचा नाही.

समजा डिस्क १०० डॉलरची, भाडं आणि विमा १५. कार्डावर ३ टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँक लावते ती जादा रक्कम) असेल तर ३.४५ डॉलर गेले. सीमाशुल्क आणि कर बहुतेक ठिकाणी भाडं-विम्यासकट किमतीवर बसतात. ते २० टक्के धरले तर २३. पडतळ १४१.४५. पैसे भरताना ‘तुमच्या चलनात भरा’ असं पान पुढे येतं, तिथे विक्रेत्याचंच चलन निवडायचं. नाहीतर दर समोरचा ठरवतो, आणि तो बहुधा कार्डापेक्षा महाग पडतो. बँकेतून रक्कम पाठवायची तर खर्च ‘ओयूआर’ पद्धतीने स्वतःकडे घ्यावा. ‘एसएचए’, म्हणजे खर्च दोघांत वाटून, निवडलं तर मधली बँक वाटेत कपात करू शकते, मग विक्रेत्याला रक्कम कमी पोचते आणि खेप अडते.

थायलंडच्या २०११ च्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले, जगभर भाव कडाडले. ते दिवसही निभावले. आम्हाला खरं बुडवायला निघाला तो एक स्पर्धक.

आमच्या पडतळापेक्षाही कमी भावात तो ‘नवीन’ डिस्क विकू लागला. गिऱ्हाईक तिकडे वळलं, आमचा माल गोदामात अडकला, आणि डॉलर चढत असताना विक्रेत्यांची देणी मात्र थकत गेली. आम्हाला लोक महागडे म्हणत होते, ते अजून सलतं.

या सगळ्यात व्हिडिओ संकलनाचं काम करणारे एक जुने ग्राहक टिकून राहिले. त्यांनीच त्या स्पर्धकाकडची एक सीगेट कंपनीची डिस्क तपासायला आणली. डिस्क आपल्या वापराची आणि तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तीत चालू तास जवळपास शून्य. मग स्मार्टमॉनटूल्स या तपासणी संचातल्या ‘स्मार्टसीटीएल’ने सीगेटची ‘फार्म’ नोंद वाचली. ही नोंद डिस्क स्वतः वेगळी ठेवते, स्मार्ट पुसली तरी ती सहसा राहते. तिथे तास हजारांत होते! सर्व्हरमधून उतरवलेला माल नवा म्हणून खपवला जात होता. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून फार्म वाचता येतं, तेव्हा सीगेट घेणाऱ्याने दोन्ही आकडे ताडून पाहावेतच.

बाकी तपासणीत घाई नको. १६ टीबीच्या डिस्कवर ‘बॅडब्लॉक्स’ या खराब जागा शोधणाऱ्या प्रोग्रॅमचे चार नमुने लिहून-वाचून व्हायला आठवडाभर लागतो; आम्ही तो देतो. बाहेरून जोडायच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क कधीकधी जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाही, कारण साटा वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की ती बंद राहते. ३.३ व्होल्ट नसलेली मोलेक्स जोडणी वापरा किंवा त्या पिनवर कॅप्टॉन या वीजरोधक टेपचा बारीक तुकडा लावा. सॅस, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीची, डिस्क स्वस्त दिसली तर ती संगणकाला जोडणारं एचबीए कार्ड आहे का आधी बघा, आणि सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा लहान तुकडा) ५२० बाइटचा असेल तर ‘एसजी फॉरमॅट’ या प्रोग्रॅमने ५१२ करून घ्या.

परताव्याचंही आधीच ठरवा. रक्कम परत येते ती बहुधा त्या दिवसाच्या दराने, आणि मार्कअप बँक सहसा सोडत नाही. परतीचं भाडं वेगळंच. म्हणून सदोष डिस्क निघाली तर आम्ही विक्रेत्याकडे पैसे मागत नाही, पुढच्या खेपेत बदली डिस्क मागतो, आणि ही अट मागणी नोंदवतानाच लिहून घेतो.