जोर खंय लागलो?

“आवाज वाढलो रे, पण वाजवणाऱ्याक जोर खंय लागलो?” हेडफोन काढत काका म्हणाले.

काका दशावतारात पायपेटी वाजवतात. आज वेंगुर्ल्यात घरी आले होते, म्हणून लॅपटॉपवर बनवलेला व्हायोलिनचा चढत जाणारा सूर मी कौतुकाने ऐकवला. आणि हे ऐकावं लागलं!

मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्डवरचं वाजवणं संगणकाला आकड्यांत कळवणाऱ्या पद्धतीत, पट्टी दाबताक्षणीच व्हेलॉसिटी (ती किती जोरात दाबली याचा आकडा) ठरून जाते. पुढे सूर कितीही लांबवा, तो फुगवायला वेगळा कंट्रोलर, म्हणजे सूर चालू असतानाही बदलता येणारा आकडा, लागतो. एक्स्प्रेशन, म्हणजे कंट्रोलर क्रमांक ११ (सीसी ११), शून्यापासून १२७ पर्यंत नेला की आवाज मोठा होतो. पण तेवढंच. खरा वादक गजावर जोर देतो तेव्हा सुराचा पोतही बदलतो, धार येते. बऱ्याच ऑर्केस्ट्रा लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगच्या संग्रहांत, हे काम कीबोर्डवरचं मॉड व्हील नावाचं चाक, म्हणजे सीसी १ करतं: हळुवार वाजवलेलं रेकॉर्डिंग मागे सरतं आणि जोरकस पुढे येतं. दोन्ही एकत्र चढवले की कुठे जीव येतो.

काकांना यातलं काही ठाऊक नाही, आणि गरजही नाही. बोट पट्टीवर तसंच ठेवून ते पायाने भाता मारतात, सूर आपोआप भरत जातो.

विचार करतोय, गणपतीत त्यांच्या पायाखाली एक्स्प्रेशन पेडल (पायाने सीसी ११ चालवणारं) सरकवावं का? शिव्या घालतील की वाजवतील?