फेब्रुवारी, डोनट आणि डेट्रॉईटचा जे डिला

फेब्रुवारी लागला की डेट्रॉईटमध्ये जाड कोटांच्या आतून एक टी-शर्ट डोकावायला लागतो. 'जे डिलाने माझं आयुष्य बदललं' असं त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत छापलेलं असतं. कॉफीच्या दुकानात, रेकॉर्डच्या दुकानात, कधी आमच्या प्लँटच्या कँटीनमध्येसुद्धा. ७ फेब्रुवारी हा त्याचा वाढदिवस आणि १० फेब्रुवारी हा त्याचा स्मृतिदिन. मधल्या तीन दिवसांत रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, बर्फाचा चिखल झालेला असतो आणि तरी लोक रात्री घराबाहेर पडून त्याच्या नावाने जमतात.

जेम्स डिविट यान्सी हे त्याचं खरं नाव. आधी जे डी, २००१पासून जे डिला. १९७४चा जन्म, २००६मध्ये गेला. बत्तीस वर्षं आणि तीन दिवस एवढंच आयुष्य. तो हिपहॉपचा प्रोड्यूसर होता. म्हणजे रॅपर वर बोलत असतो आणि त्याच्या खालचं सगळं, ठेका, बेस, सुरांचे तुकडे, हा माणूस बांधतो. पोस्टरवर चेहरा रॅपरचा असतो. डिला स्वतः रॅपही करायचा, पण त्याची खरी जागा तळघरातल्या मशीनसमोर होती. पडद्यामागच्या अशा माणसासाठी इतक्या वर्षांनी लोक इतके हळवे होतात, याचं मला इथे आल्यावर फार नवल वाटलं होतं.

मी इथे आलो तेव्हा तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिवाय खरं सांगायचं तर आम्ही मंडळी फोनवर 'डेट्रॉईटला असतो' म्हणतो, पण राहतो नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्समध्ये. गाड्यांच्या कंपन्यांतल्या नोकऱ्या, चांगल्या शाळा, मंडळाचा गणपती, सगळं उपनगरांत. एट माइल रोड ही शहराची उत्तरेकडची हद्द. तिच्या दक्षिणेला मुख्यतः कृष्णवर्णीयांचं शहर आणि उत्तरेला ही सगळी नीटनेटकी गावं. कित्येक मराठी घरं ती हद्द ओलांडतात ती बेसबॉलच्या मॅचसाठी, किंवा शहराच्या पोटातल्या हॅमट्रॅमक या गावात कोनंट रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानांत मासे आणि मिठाई घ्यायला. गंमत अशी, की तोच कोनंट रस्ता तसाच उत्तरेला धरून ठेवला की कोनंट गार्डन्स लागतं. डिला तिथला. मासे पिशवीत टाकून आम्ही वर्षानुवर्षं तिथूनच गाडी वळवत आलो आहोत.

मला तिथे नेलं प्लँटमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. तो त्याच भागात वाढलेला. शुबेल कोनंट या गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या माणसाच्या नावाची ही वस्ती. शहरात इतरत्र कृष्णवर्णीयांना घर विकत घेणं जवळजवळ अशक्य होतं, त्या काळात इथे त्यांनी जमिनी घेऊन स्वतःची घरं बांधली. शिक्षक, टपाल खात्यातले नोकरदार, कारखान्यातले कामगार. आता काही घरं अगदी नीट आहेत, काहींच्या जागी नुसतं गवत आहे. 'इथल्या प्रत्येक घरात पियानो किंवा रेकॉर्ड्सचा ढीग असायचा,' असं तो म्हणाला. त्यात म्हाताऱ्या माणसाची थोडी अतिशयोक्ती असेल, पण यान्सींच्या घरापुरतं ते खरंच होतं. वडील बेव्हर्ली जॅझमधले बेसवादक आणि गायक, आई मॉरीन ऑपेरा गायलेली. पोरगा चालायला लागल्यापासून रेकॉर्ड्सच्या संगतीत. पर्शिंग हायस्कूलमध्ये त्याला टी-थ्री आणि बाटीन हे मित्र मिळाले आणि त्यातून 'स्लम व्हिलेज' हा गट उभा राहिला.

याच वस्तीत अँप फिडलर नावाचा कीबोर्डवादक राहायचा, फंक संगीतातल्या जॉर्ज क्लिंटनच्या ताफ्यातला. त्याने या लाजाळू पोराला एमपीसी नावाचं यंत्र दाखवलं. जुन्या रेकॉर्डमधला छोटासा तुकडा उचलायचा, त्याला सॅम्पल म्हणतात, तो यंत्राच्या सोळा रबरी चौकोनांवर बसवायचा आणि बोटांनी वाजवून नवीन रचना करायची. पुढे याच फिडलरने त्याची गाठ 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या नावाजलेल्या रॅप गटाच्या क्यू-टिपशी घालून दिली. तिथून दारं उघडली. फारसाइड, बस्टा ऱ्हाइम्स, एरिका बाडू, कॉमन... नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे यांच्या ज्या रेकॉर्ड लोकांनी डोक्यावर घेतल्या, त्यांतल्या अनेकांच्या खाली डेट्रॉईटमधल्या या तळघराचा आवाज आहे. मोटाऊन ही इथली प्रसिद्ध रेकॉर्ड कंपनी १९७२मध्ये आपला पसारा लॉस एंजलिसला घेऊन गेली तेव्हा डेट्रॉईटचं संगीत संपलं, असं म्हणणारे बरेच आहेत. डिला त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला.

आता त्याने नेमकं केलं काय, ते सांगायला हवं. नाहीतर हा शोक कशाचा ते कळणार नाही. एमपीसी यंत्रात एक सोय असते. तुम्ही चौकोनावर जराशी मागेपुढे थाप मारलीत, तरी यंत्र ती ओढून बरोबर मात्रेवर नेऊन बसवतं. त्यामुळे सगळं कवायतीसारखं सरळ वाजतं. डिलाने ही सोय कधी बंद ठेवली, कधी हवी तशी वाकवली. चाहते नुसतंच 'त्याने ती बंद केली' म्हणतात, पण मामला तेवढा सोपा नाही. तो एकाच ठेक्यात स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) किंचित आधी, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) किंचित उशिरा आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) तिसऱ्याच झोक्यात ठेवायचा. तीन जण तीन चालींनी चालताहेत आणि तरी कुणी कुणाला धडकत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात तबला वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी गाडीत हे ऐकवलं. पहिली दोन आवर्तनं तो कपाळाला आठ्या घालून बसला. मग म्हणाला, 'हा चुकत नाहीये रे. हा मुद्दाम लयीच्या मागे बसतोय आणि समेला बरोबर हजर होतोय.' माझ्या मते याहून चांगलं वर्णन मी कुठल्या समीक्षकाकडूनही ऐकलेलं नाही.

मौज म्हणजे यंत्राने माणसासारखं वाजावं म्हणून त्याने धडपड केली आणि मग हाडामांसाचे ड्रमर त्या यंत्रासारखं वाजवायला शिकले. 'द रूट्स' या गटाचा ड्रमर क्वेस्टलव्ह हे उघड सांगतो. डिअँजेलो या गायकाच्या २०००मधल्या 'वूडू' या अल्बमवर त्याने ज्या झोकांडी खाणाऱ्या लयीत ड्रम वाजवले, ती डिलाकडून उचललेली. आज जॅझ शिकणारी पोरं शिकवणीत ही लय गिरवतात. हे त्याच्या हयातीत झालं असतं तर बरं झालं असतं.

२००२च्या सुमाराला त्याला रक्ताचा एक दुर्मीळ आजार जडल्याचं निदान झालं. यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि प्लेटलेट झपाट्याने घटतात. पुढे ल्युपसही आला, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. २००४मध्ये तो लॉस एंजलिसला गेला. तिथे कॉमन या रॅपरबरोबर राहिला, मॅडलिबसारखा प्रोड्यूसर दोस्त जवळ होता, पण दवाखान्याच्या वाऱ्या वाढतच गेल्या. आई डेट्रॉईट सोडून त्याच्यापाशी जाऊन राहिली. २००५च्या अखेरीस व्हीलचेअरवर बसून त्याने युरोपचा दौरा केला. ७ फेब्रुवारी २००६ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' हा त्याचा अल्बम आला. एकतीस छोटे तुकडे, रॅप नाही, नुसतं संगीत. पहिल्या तुकड्याचं नाव समारोपाचं आणि शेवटच्याचं प्रारंभाचं, आणि शेवट थेट सुरुवातीला जाऊन मिळतो. तिसऱ्या दिवशी लॉस एंजलिसच्या घरी त्याचा मृत्यू झाला.

माझा सहकारी त्या आठवड्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. ५ फेब्रुवारीला अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल डेट्रॉईटमध्ये झालेला. कधी नव्हे ते सगळा देश या शहराकडे बघत होता, डाउनटाउन घासूनपुसून लख्ख केलेलं. पाहुणे विमानांनी परत जात होते, आणि शुक्रवारी पाळीच्या मध्येच त्याला भावाचा फोन आला. एप्रिलमध्ये एट माइलवरच्या क्लबात गोळीबार झाला आणि रॅपर प्रूफ गेला, तोही डिलाचा जुना दोस्त. २००९मध्ये बाटीन गेला. 'आमच्या पिढीची मुलं अशी एकेक करून गेली,' असं तो म्हणतो आणि विषय बदलून गिअरबॉक्सवर येतो.

चाहत्यांची एक लाडकी कथा आहे. डिलाने अख्खा 'डोनट्स' मृत्युशय्येवर, दवाखान्याच्या खाटेवर, एका छोट्या सॅम्पलर आणि रेकॉर्ड प्लेअरवर बनवला. टी-शर्टइतकीच ती सगळीकडे भेटते. तिच्यात तथ्य आहे. आई त्याच्यासाठी दवाखान्यात रेकॉर्ड्स घेऊन जायची, सुजलेली बोटं चोळून द्यायची आणि तो पुन्हा कामाला लागायचा, हे तिनेच सांगितलंय. पण डॅन चार्नस यांनी २०२२मध्ये लिहिलेलं त्याचं चरित्र आहे. ते वाचलं की कळतं, अल्बमचा बराच भाग दवाखान्याआधीच घरी तयार झालेला होता. मला व्यक्तिशः हे दुसरं रूप जास्त आवडतं. खाटेवरच्या कथेत मरणच सगळं श्रेय घेऊन जातं. प्रत्यक्षात हा माणूस निरोगी असतानाही रोज उठून, तळघर झाडून, रेकॉर्ड्स ओळीने लावून कामाला बसायचा आणि दिवसाला ठेक्यांमागून ठेके काढायचा. नीटनेटकेपणाबद्दल तर त्याची ख्याती होती. मृत्यूच्या छायेत माणूस थोर होतो असं मानायला आपल्यालाही फार आवडतं. पण इथे जी गोष्ट शिकण्यासारखी आहे ती वर्षानुवर्षांच्या बैठकीची आहे. हे मी एकदा एका मैफिलीत बोलून दाखवलं तर शेजारच्या तरुणाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप डोनट खाल्ला.

हो, डोनट. त्याला ते फार आवडायचे म्हणून अल्बमचं हे नाव. म्हणून फेब्रुवारीतल्या जमण्यांत डोनटची खोकी ठरलेली. त्याच्या मामांनी तर २०१६मध्ये डाउनटाउनला त्याच्या नावाने डोनटचं दुकानच काढलं होतं.

या जमण्यांत भाषणं नसतात. डीजे आधी मूळ जुनी रेकॉर्ड लावतो, सत्तरच्या दशकातलं एखादं सोल गाणं. लोक शांतपणे ऐकतात. मग ज्या क्षणी डिलाने उचललेला तो दोन सेकंदांचा तुकडा येतो, त्या क्षणी सगळी खोली ओरडते, आणि डीजे खटकन डिलाच्या ठेक्यावर जातो. रात्रभर हेच. इथे दुःख व्यक्त करायची रीत म्हणजे तो माणूस काय ऐकत होता ते शोधून काढणं. लंडनमध्ये, टोकियोत, ब्रुकलिनमध्ये असंच चालतं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात तर एका वाटेला त्याचं नाव आहे. लॉस एंजलिसमध्ये २००९ला पूर्ण ऑर्केस्ट्राने त्याच्या रचना वाजवल्या आणि ते सादरीकरण त्याच्या आईला अर्पण केलं.

आईला इथे सगळे 'मा ड्यूक्स' म्हणतात. तिच्या वाट्याला नुसता शोक आला नाही. मुलाच्या नावावर कर विभागाची मोठी थकबाकी निघाली, मालमत्तेचा कारभार इतरांच्या हाती आणि तिच्या हाती काही नाही, अशी कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. ल्युपस तिलाही होता. त्या काळात चाहत्यांनी कार्यक्रम करून, वस्तू विकून तिला हातभार लावला. २०१२मध्ये रॉयल ओक या उपनगरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानाने भाडं थकलेल्या गोदामातला माल घेतला. हजारो रेकॉर्ड्स. चाळताना मध्येच जेम्स यान्सीच्या नावाची जुनी पत्रं सापडली आणि दुकानदाराने आईशी संपर्क साधला. पुढे त्याचं एमपीसी ३००० आणि खास त्याच्यासाठी बनवलेला मूग कंपनीचा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) तिने स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेला दिला. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात ते यंत्र काचेमागे आहे. कुणी नातेवाईक तिकडे फिरायला निघाले की मी त्यांना ते बघून या म्हणतो. बहुतेक जण विमानांच्या संग्रहालयात जाऊन येतात.

ऐकून बघायचं असेल तर सुरुवात 'डोनट्स'ने करू नका, असं माझं मत. त्यातले तुकडे मिनिट-दीड मिनिटाचे, ओळख होण्याआधीच संपतात. आधी फारसाइडचं १९९५चं 'रनिन' ऐका, मग कॉमनचं २०००मधलं 'द लाइट', मग 'स्लम व्हिलेज'. त्याच्या दोस्ताने, मॅडलिबने, २००७मध्ये हिंदी सिनेमाच्या जुन्या संगीताचे तुकडे वापरून अख्खा अल्बम केला होता आणि त्यानंतरचा अल्बम डिलाच्या आठवणीत केला. आपल्या कानांना तिथून वाट सोपी जाईल. आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस येतच नाही. गाडीत लावा. डेट्रॉईटमध्ये हे संगीत बनवणारेसुद्धा शेवटी गाडीत लावूनच पारखतात.