दह्यातील जिवाणू आणि ग्रॅम रंजन : सहा महिन्यांच्या नोंदी

मागील नोंदीत मी लिहिले होते की घरच्या दह्याच्या अकरा काचपट्ट्यांपैकी सात पट्ट्यांवर जिवाणू गुलाबी दिसत आहेत आणि त्याचे कारण मला कळत नाही. दूध आंबवून दही करणारे जिवाणू ग्रॅम-धन असतात, म्हणजे ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर ते जांभळे दिसायला हवेत. ते गुलाबी दिसत असतील, तर एक तर दह्यात भलतेच काही वाढले आहे किंवा रंगवण्यात माझी चूक होते आहे. दुसरी शक्यताच खरी निघाली. मात्र चूक एक नव्हती, चार होत्या, आणि त्या एकेक करून वेगळ्या काढण्यात जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ गेला. ज्यांनी नुकताच ऑईल इमर्शनचा (भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून पाहण्याचा) सूक्ष्मदर्शक घेतला आहे त्यांचा हा वेळ वाचावा, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे, तरी क्रम लिहून ठेवते, कारण चुका क्रमातच दडलेल्या असतात. काचपट्टीवर पातळ लेप देऊन तो हवेत वाळू द्यायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करायचा, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाण्याने धुऊन आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोलने विरंजन (रंग धुऊन काढणे) आणि शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांचा पेशीच्या आत मोठा संयुक्त कण तयार होतो. ग्रॅम-धन जिवाणूच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा (शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळीचा) जाड थर असतो. अल्कोहोलने त्यातील पाणी निघून जाते, थर आक्रसतो आणि तो कण आत अडकून राहतो. ग्रॅम-ऋण जिवाणूंमध्ये हा थर फार पातळ असतो आणि त्याच्या बाहेर एक मेदयुक्त पटल असते. अल्कोहोल त्या पटलाला विरघळवते, जांभळा रंग वाहून जातो आणि सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग उरतो. याचाच अर्थ असा की संपूर्ण निकाल विरंजनाच्या काही सेकंदांवर तोललेला आहे. अल्कोहोल पुरेसे फिरले नाही तर सगळेच जांभळे राहते, आणि जास्त फिरले तर ग्रॅम-धन जिवाणूही रंग सोडतात.

माझी पहिली चूक आयोडीनची होती. एक ग्रॅम आयोडीन, दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि तीनशे मिलिलिटर पाणी असे द्रावण मी मार्चमध्ये करून घेतले होते आणि ते पारदर्शक बाटलीत, खिडकीजवळच्या फळीवर ठेवले होते. जूनपर्यंत त्याचा गडद तपकिरी रंग फिक्या चहासारखा झाला होता, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते, कारण रोज पाहिलेल्या वस्तूतील संथ बदल डोळ्यांना दिसत नाही. आयोडीन अशक्त झाले की कण नीट बांधला जात नाही आणि जांभळा रंग सहज सुटतो. नवे द्रावण आता गडद तपकिरी काचेच्या बाटलीत, कपाटात ठेवते आणि बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहिते.

दुसरी चूक दह्याच्या वयाची होती, आणि माझ्या मते हा सर्वांत शिकवून जाणारा भाग आहे. मी नमुना घ्यायची तो दोन-तीन दिवसांच्या आंबट दह्यातून, कारण ताजे दही घरात खाण्यासाठी लागते. ग्रॅम-धन जिवाणूंची वाढ थांबून ते जुने होऊ लागले की त्यांच्या भित्तिका कमकुवत होतात आणि त्यातील पुष्कळ पेशी विरंजनात रंग टिकवू शकत नाहीत. ऑगस्टमध्ये मी एकाच वाडग्यातील दह्याचा लेप विरजण लावल्यापासून आठ तासांनी, चोवीस तासांनी आणि बहात्तर तासांनी घेतला, बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या. आठ तासांच्या पट्टीवर जवळपास सर्वच पेशी गडद जांभळ्या होत्या. बहात्तर तासांच्या पट्टीवर एकाच साखळीत जांभळ्या आणि गुलाबी पेशी शेजारी-शेजारी दिसत होत्या. ती पट्टी मी जपून ठेवली आहे. एकाच जिवाणूची संतती दोन रंगांत दिसू शकते, हे वाचून माहीत असणे आणि प्रत्यक्ष पाहणे यांत फार अंतर आहे.

तिसरी अडचण दुधातील स्निग्धांशाची आणि केसिन या प्रथिनाची. सायीच्या दुधाचे दही थेट पसरवले तर पट्टीवर रंगीत गुठळ्या होतात आणि त्यांच्या आड जिवाणू दडतात. दाट जागी अल्कोहोल पोहोचत नाही आणि विरळ जागी ते जास्त काम करते, त्यामुळे एकाच पट्टीवर दोन निकाल मिळतात. आता मी साय काढलेल्या दुधाचे दही लावते, वरची निवळी घेते, ती उकळून गार केलेल्या पाण्यात दहापट पातळ करते आणि त्यातील छोटा थेंब पसरवते. वाळलेला लेप छापील कागदावर धरला असता खालची अक्षरे वाचता आली, तर जाडी योग्य आहे असे समजते. चौथी चूक उष्णतेची : पट्टी ज्योतीवर इतकी तापत होती की भित्तिका आधीच इजा पावत होती. आता फिरवल्यानंतर पट्टी हाताच्या मागील बाजूस लावून पाहते. ती कोमट लागावी, चटका बसू नये.

विरंजनासाठी 95 टक्के इथेनॉल घरी सहज मिळत नाही, म्हणून मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते. ते संथ गतीने काम करते आणि नवशिक्याला ही संथ गती सोयीची आहे. तिरप्या पट्टीवरून थेंब-थेंब सोडावे आणि खाली पडणाऱ्या थेंबातील जांभळी छटा संपताच लगेच पाण्याने धुवावे. घड्याळाकडे न पाहता थेंबाकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे, कारण लेपाची जाडी दर वेळी थोडी बदलतेच.

या चार दुरुस्त्यांपेक्षाही ज्या गोष्टीने माझे काम सुधारले, ती म्हणजे प्रत्येक पट्टीवर ठेवलेली तुलना. पट्टीचे काचपेन्सिलीने तीन भाग करते. मधल्या भागात दह्याचा लेप, डाव्या भागात बेकरीच्या यीस्टचा आणि उजव्या भागात स्वतःच्या गालाच्या आतील पेशींचा. यीस्ट जांभळे राहिले पाहिजे आणि गालाच्या पेशी गुलाबी झाल्या पाहिजेत. या दोन्ही बाजू बरोबर आल्या तरच मधल्या भागाचा निकाल वहीत लिहायचा, अन्यथा पट्टी बाद. हा नियम लावल्यापासून मी एकोणतीस पट्ट्या केल्या आणि त्यांतील सहा बाद केल्या. पूर्वीच्या अकरा पट्ट्यांपैकी एकावरही तुलना नव्हती, म्हणून त्या सर्वच नोंदी मी वहीत रद्द म्हणून खूण केल्या आहेत.

मोजमापाबद्दल थोडक्यात : एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली मोजपट्टी आणून नेत्रभिंगातील पट्टी तिच्याशी जुळवून घेतली. शंभरपट वस्तुभिंगाखाली माझ्या जोडणीत नेत्रभिंगातील पट्टीचा एक भाग जवळपास एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. दह्यातील गोल जिवाणू एक मायक्रॉनहून किंचित कमी व्यासाचे आणि साखळीत आहेत, दंडाकृती जिवाणू तीन ते सहा मायक्रॉन लांब आहेत.

सप्टेंबरमध्ये मला खात्रीचा ग्रॅम-ऋण नमुना हवा होता. घरी अनोळखी जिवाणू वाढवायचे नाहीत, हा माझा पक्का नियम आहे. हात, मोबाईल किंवा गटाराचे पाणी यांवरून घेतलेले नमुने पोषक माध्यमावर वाढवले तर रोगकारक जिवाणूही कोट्यवधींच्या संख्येत वाढू शकतात, आणि तो धोका स्वयंपाकघराच्या शेजारी पत्करण्यासारखा नाही. म्हणून खाद्यपदार्थांतच शोध घेतला. गोव्यातील एका स्नेह्यांनी माडाच्या सुरेपासून घरी केलेले, न गाळलेले व्हिनेगर पाठवले. त्याच्या पृष्ठभागावर ॲसेटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा पातळ पापुद्रा धरतो, आणि हे जिवाणू ग्रॅम-ऋण असतात. त्या पापुद्र्याच्या कडेचा ताजा भाग रंगवल्यावर आखूड, गुलाबी दंडाकृती पेशी इतक्या स्पष्ट दिसल्या की शेजारच्या जांभळ्या दह्यासह ती पट्टी मी घरातील सर्वांना दाखवली.

याच दोन नमुन्यांवर कॅटालेजची, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून प्राणवायूचे बुडबुडे सोडणाऱ्या विकराची, चाचणीही केली. औषधाच्या दुकानातील सहा टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढेच पाणी घालून तीन टक्क्यांवर आणले आणि लाकडी काडीने घेतलेल्या नमुन्यावर एक थेंब सोडला. लोखंडी तार वापरू नये, तिच्यामुळेही बुडबुडे येतात. हवेतील प्राणवायू वापरणाऱ्या व्हिनेगरच्या जिवाणूंकडे कॅटालेज हे विकर असते, त्यामुळे पापुद्रा फसफसला. दह्याचे जिवाणू कॅटालेज-ऋण असतात आणि ताज्या दह्यावर काहीच झाले नाही. परंतु चार दिवसांच्या दह्यावर बारीक बुडबुडे आले. मी गोंधळले, मग पट्टी करून पाहिली, तर जिवाणूंच्या मध्ये सहा-सात मायक्रॉनच्या, कळ्या फुटलेल्या जांभळ्या पेशी होत्या. ते यीस्ट होते, आणि यीस्टकडे कॅटालेज असते. दोन वेगवेगळ्या चाचण्यांनी एकच उत्तर द्यावे, याचा आनंद या छंदात फार मोठा आहे.

रंगाच्या या एका निरीक्षणाला किती वजन असते, हे आपल्या मुंबईच्या इतिहासातही आहे. डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी 1884 मध्ये बर्लिनमध्ये, न्यूमोनियाने मरण पावलेल्यांच्या फुप्फुसांच्या ऊतींत जिवाणू दिसावेत म्हणून ही पद्धत शोधली, आणि ती सदोष व अपूर्ण असल्याचे स्वतःच नमूद करून ठेवले. त्यानंतर दहा वर्षांनी हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली. तिथे अलेक्सांद्र येर्सँ आणि शिबासाबुरो कितासातो हे दोघेही जिवाणूच्या शोधात होते. येर्सँ यांनी आपला जिवाणू ग्रॅमचा रंग धरत नाही असे स्पष्ट नोंदवले. कितासातो यांच्या वर्णनात मात्र याच मुद्द्यावर गोंधळ राहिला, आणि त्यांच्या नमुन्यात दुसरा जिवाणू मिसळला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. प्लेगच्या जिवाणूला आज येर्सिनिया हे नाव आहे. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तेव्हा कोणता जिवाणू शोधायचा हे माहीत होते, आणि वाल्देमार हाफकिन यांनी त्याच जिवाणूपासून लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

आता नावांविषयी, कारण मागील नोंदीवर काही जणांनी विचारले होते की माझे दंडाकृती जिवाणू लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आहेत का. मी ते नाव वहीत लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. ग्रॅम-धन, दंडाकृती, कॅटालेज-ऋण, एवढेच मी पाहिले आहे, आणि या वर्णनात बसणाऱ्या अनेक जाती आहेत. शिवाय घरच्या विरजणात जातींचे मिश्रण असते. प्रयोगशाळेत यापुढे शुद्ध वसाहत वेगळी करतात, ती कोणत्या शर्करा आंबवते ते पाहतात, आणि 16 एस आरआरएनए या जनुकाची सुमारे पंधराशे अक्षरे वाचून ती नोंदसंग्रहाशी ताडतात. कार्ल वोज यांनी 1977 मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवला होता. तरीही काही जवळच्या जाती या एका जनुकाने वेगळ्या होत नाहीत.

आणि नाव मिळाले तरी रोगाशी संबंध सिद्ध होत नाही. गालाच्या पेशींवर चिकटलेले गोल जिवाणू पाहून कोणी तरी मला काळजीने विचारले होते की हा संसर्ग आहे का. निरोगी तोंडात ते असतातच. लेव्हनहूक यांनी 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरील थरात ते पाहिले होते. असणे आणि रोग घडवणे यांतील अंतर किती कष्टाने पार करावे लागते, ते हेलिकोबॅक्टर या जठरातील जिवाणूच्या उदाहरणात दिसते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना 1979 पासून जठराच्या ऊतींत वाकडे जिवाणू दिसत होते, पण केवळ दिसण्यावरून काही ठरत नव्हते. बॅरी मार्शल यांच्याबरोबर केलेल्या संवर्धनाच्या प्रयत्नांत दोन दिवसांनी पात्रे टाकून दिली जात. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे ती अधिक काळ उबवणीत राहिली आणि वसाहती दिसल्या. पुढे मार्शल यांनी 1984 मध्ये ते संवर्धन स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि तोच जिवाणू पुन्हा वेगळा केला. 2005 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाढीसाठी दिलेला वेळ हा प्रयोगाचाच भाग असतो, हे मला माझ्या बहात्तर तासांच्या दह्यानेही, अगदी लहान प्रमाणात का होईना, दाखवले आहे.

डिसेंबरचे काम ठरले आहे. थंडीत दही लागायला उशीर होतो, म्हणून त्याच विरजणाचे दोन वाडगे लावणार आहे : एक ओट्यावर, एक गरम पाण्याच्या भांड्यात बेचाळीस अंशांच्या आसपास. दर दोन तासांनी दोन्हींचा लेप घ्यायचा आणि प्रत्येक पट्टीवर दोनशे पेशी मोजून त्यांतील गोल किती, दंडाकृती किती, हे लिहायचे. उबदार वाडग्यात आधी गोल जिवाणूंच्या साखळ्या वाढाव्यात आणि आम्लता वाढल्यावर दंडाकृतींनी पुढे यावे अशी माझी अपेक्षा आहे. ती मी मोजणीपूर्वीच तारखेसह वहीत लिहून ठेवली आहे. पट्ट्यांवरील क्रमांक घरातील दुसरी व्यक्ती झाकून ठेवणार आहे, म्हणजे मोजताना कोणती पट्टी कोणत्या वाडग्याची हे मला कळणार नाही. ज्यांच्याकडे शंभरपट वस्तुभिंग आहे त्यांनी आपल्या विरजणावर हीच मोजणी केली, तर यीस्ट आणि गालाच्या पेशींच्या तुलनेसह पट्टीचे छायाचित्र अवश्य पाठवावे.