लोकसभेची अपक्ष उमेदवार होताना: एका भूजलशास्त्रज्ञाचा अनुभव

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मी अपक्ष उमेदवार म्हणून उभी होते. त्याआधीची वीसहून अधिक वर्षे माझे काम दख्खनच्या बेसॉल्टमधील भूजल मोजण्याचे होते, म्हणजे विहिरींची पातळी, पंपिंग चाचण्या, खडकाच्या थरांचे नकाशे आणि त्यावरचे अहवाल. या अहवालांतील आकडे संसदेत प्रश्नोत्तरांत येतात, पण त्या आकड्यांचा अर्थ विचारणारा, उलटतपासणी करणारा सदस्य फार क्वचित आढळतो, ही खंत माझ्या मनात बरीच वर्षे होती.

शास्त्रज्ञांना संसदेत जागा नाही, असे म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या 80 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती राज्यसभेवर 12 सदस्य नामनिर्देशित करतात आणि त्यात विज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. सत्येंद्रनाथ बोस, राजा रामण्णा, कस्तुरीरंगन आणि स्वामीनाथन हे त्याच वाटेने संसदेत गेले. मला मात्र मेघनाद साहा यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. आयनीभवनाच्या समीकरणामुळे जगभर नाव झालेला हा भौतिकशास्त्रज्ञ पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत कलकत्त्यातून उभा राहिला, निवडून आला आणि 1956 मध्ये मृत्यू येईपर्यंत लोकसभेत होता. बंगालमधील पूर आणि दामोदर खोरे यांवर त्यांनी आयुष्यभर विचार केला होता. ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरते त्यांच्याकडे मत मागणे, ही त्या विचाराची मला योग्य वाटणारी पुढची पायरी होती.

सर्वांत आधी नोकरीचा प्रश्न सोडवावा लागतो. सरकारी सेवेत असलेल्या किंवा तिचेच आचरण नियम लागू असलेल्या संशोधन संस्थेतील व्यक्तीला निवडणूक लढवता येत नाही, आणि लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती 102 व्या अनुच्छेदानुसार संसद सदस्य होण्यास अपात्र ठरते. मी वीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग घेतला. त्यासाठी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तर निवडणुकीची घोषणा आणि अर्ज भरण्याची मुदत यांत त्याहून बरेच कमी दिवस असतात. 2024 ची घोषणा 16 मार्चला झाली आणि आमच्या मतदारसंघाचा समावेश असलेल्या चौथ्या टप्प्याची अधिसूचना 18 एप्रिलला निघाली. म्हणून हा निर्णय आदल्या वर्षीच घेऊन मोकळे व्हावे लागले. निवृत्ती मंजूर झाल्याचे लेखी पत्र हाती येईपर्यंत मी कोणत्याही व्यासपीठावर उमेदवारीचा शब्द काढला नाही, आणि माझ्या जागी असलेल्या कोणालाही मी तोच सल्ला देईन.

उमेदवारीचा गाभा म्हणजे नमुना 26 मधील शपथपत्र. त्यात स्वतःचे, जोडीदाराचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबितांचे पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणपत्रातील उत्पन्न, स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, प्रलंबित गुन्हे, शिक्षण आणि समाजमाध्यमांवरील खाती असे सर्व काही नोटरीसमोर शपथेवर लिहायचे असते. एकही रकाना कोरा ठेवता येत नाही. लागू नसेल तिथे ‘लागू नाही’, काही नसेल तिथे ‘निरंक’ असे लिहावेच लागते, कारण मतदाराला उमेदवाराची माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि कोरा रकाना तो हक्क नाकारतो, अशी सर्वोच्च न्यायालयाची 2013 पासूनची भूमिका आहे. हे मला मनापासून पटते. मोजमाप घेतले नाही आणि मोजमाप शून्य आले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगवहीत लिहिणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्यासारखीला सर्वाधिक वेळ घेणारा भाग वेगळाच निघाला. अधिसूचनेपूर्वीच्या दहा वर्षांत उमेदवार शासकीय निवासस्थानात राहिला असेल, तर भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी या चारही बाबतीत थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात. माझी सेवा बदल्यांची असल्यामुळे निवासस्थाने वेगवेगळ्या गावांत होती आणि प्रत्येक देयकाचे कार्यालय निराळे होते. एका कार्यालयात जुनी नोंदवही सापडेना, म्हणून बंद झालेल्या दूरध्वनीच्या अखेरच्या देयकाची पावती मीच माझ्या कागदांतून शोधून नेली, तेव्हा दाखला मिळाला. हे काम अधिसूचनेनंतर सुरू केले असते तर मुदतीत होणे अशक्य होते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार लागतात. प्रत्येकाचा यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक नामनिर्देशनपत्रात अचूक असावा लागतो. माझ्या सूचकांत एक वृद्ध शेतकरी होते, ज्यांच्या विहिरीची पातळी मी अनेक वर्षे नोंदवत आले होते. ते अंगठा उठवतात. सूचकाचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो, म्हणून त्यांना बरोबर नेले. कार्यालयात उमेदवार धरून पाचच जणांना प्रवेश असतो, त्यामुळे बाकीच्या सूचकांच्या सह्या आधीच पूर्ण करून ठेवल्या होत्या. निवडणूक खर्चासाठीचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते, तेही झाले होते. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवारासाठी 25,000 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी तिच्या निम्मी असते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. अर्ज दिल्यावर तिथेच शपथ घेतली. ही शपथ छाननीच्या दिवसापूर्वी घेतलेली असणे बंधनकारक आहे.

26 एप्रिलला छाननी झाली आणि माझा अर्ज वैध ठरला. माघारीची मुदत 29 एप्रिलला संपल्यावर चिन्हवाटप झाले. मतदान 13 मे रोजी होते आणि मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद, म्हणजे नवे चिन्ह सहा विधानसभा क्षेत्रांतील लोकांपर्यंत पोहोचवायला अपक्षाच्या हाती दोन आठवडेही उरत नाहीत. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि अखेरीस अपक्ष असा क्रम असतो. चिन्ह ओळखीचे नाही, नाव खाली आहे, अशा स्थितीत उमेदवाराचे छायाचित्र मतपत्रिकेवर असते ही 2015 पासूनची सोय आम्हाला फार उपयोगी पडली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती, म्हणजे प्रचारसभांतील प्रश्न. गावोगावी पहिली मागणी एकच असे: ‘ताई, एवढा एक पॉइंट काढून द्या.’ बोअर कुठे घ्यायची ते सांगा, असा त्याचा अर्थ. ज्या गावात पाणाड्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या बोअर एकामागून एक कोरड्या गेल्या आहेत, तिथे समोर भूजलशास्त्रज्ञ उभी असताना दुसरे काय मागणार? मी पॉइंट काढून दिला नाही. मतदाराला फुकट दिलेली अशी सेवा मतासाठी दिलेले प्रलोभन ठरू शकते आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमानुसार ते भ्रष्ट आचरण आहे. हे कारण मी सभेतच सांगत असे. काही जण नाराज होत. एका गावात तर ‘मग तुमच्या शिक्षणाचा आम्हाला काय उपयोग?’ असे एका तरुणाने थेट विचारले.

त्याला दिलेले उत्तर पुढे माझ्या प्रत्येक सभेचा भाग झाले. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट पाणी धरतो तो झिजलेल्या वरच्या थरात, भेगांत आणि सांध्यांत. तिथेही खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच पाणी आपल्याला काढता येते. खाली अखंड कातळ लागला की बहुतेक ठिकाणी खोली वाढवून साठा वाढत नाही. झालेच तर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्याकडे ओढले जाते. म्हणून एका शेतकऱ्याला दिलेला पॉइंट म्हणजे गावाला दिलेले पाणी नव्हे. गावाने मिळून पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी मोजावी आणि त्यावरून रब्बीचे पीक ठरवावे, हा उपाय कंटाळवाणा वाटतो, पण मला त्याहून खात्रीचा उपाय माहीत नाही.

यानंतरचे वाक्य उमेदवाराला अवघड जाते. पाणी हा मुख्यतः राज्यसूचीतील विषय आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगितले. खासदार झाले तरी तुमच्या तालुक्यातील बंधाऱ्याला मंजुरी देण्याचा अधिकार मला मिळणार नाही. जे हाती येईल ते असे: आंतरराज्य नद्यांचे प्रश्न, 1997 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या कामाची संसदेत चौकशी, महाराष्ट्रासह सात राज्यांत तेव्हा चालू असलेल्या 6,000 कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेचा हिशेब मागणे, आणि वर्षाला 5 कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी, ज्यातून मी निरीक्षण विहिरी आणि पर्जन्यमापके यांची शिफारस करणार होते. माझ्याबरोबरचे कार्यकर्ते म्हणत, ‘मॅडम, जे जमणार नाही ते कशाला सांगता?’ त्यांची तळमळ मला समजत होती. पण खासदाराच्या अधिकाराची मर्यादा लपवून मत मागणे आणि मोजमापातील अनिश्चितता लपवून निष्कर्ष छापणे यांत मी फरक करू शकत नाही. अनेक सभांत या वाक्यानंतरच लोक खुर्ची पुढे ओढून बसले आणि खरे प्रश्न सुरू झाले. टँकर कोणाच्या आदेशाने येतो, विहीर अधिग्रहित झाली तर मोबदला कोण देते, हे प्रश्न भाषणापेक्षा किती तरी मोलाचे होते.

खर्चाची बाजू थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात लोकसभा उमेदवाराची खर्चमर्यादा 95 लाख रुपये आहे. आमचा खर्च तिच्या जवळपासही गेला नाही, तरी नोंदीचे कष्ट सर्वांना सारखेच. दैनंदिन हिशेबाची पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी पाने रोज भरायची आणि प्रचारकाळात ठरलेल्या दिवशी तपासायला न्यायची. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत 10,000 रुपयांहून अधिक रोख देता येत नाही. प्रशासन स्वतःची छाया नोंदवही ठेवते आणि जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार खुर्च्या-मंडपाचा खर्च धरते, म्हणून आपली बिले आणि ते दर यांत फरक पडला तर त्याच दिवशी लेखी खुलासा देणे हिताचे असते.

मतदान यंत्राविषयीची शंका बहुतेक सभांत निघे. दिलेले मत कागदावर छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रातील सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचा निकाल नेमका आमच्या छाननीच्या दिवशी, 26 एप्रिलला आला होता. मी लोकांना जे तपासता येते ते सांगत असे. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर अभिरूप म्हणजे चाचणी मतदान होते, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि मतदान संपल्यावर नमुना 17-क मध्ये त्या केंद्रावर पडलेल्या एकूण मतांची नोंद करून तिची प्रत हजर प्रतिनिधीला मिळते. सर्व केंद्रांवर प्रतिनिधी नेमण्याइतकी माणसे माझ्याकडे नव्हती. म्हणून आम्ही केंद्रांच्या यादीतून यादृच्छिक निवड केली आणि तिथेच माणसे बसवली. 4 जूनला मोजणीच्या टेबलांवर आमच्या प्रतिनिधींनी त्या केंद्रांच्या प्रती यंत्रावरील एकूण मतांशी ताडून पाहिल्या. आमच्या सर्व केंद्रांवर आकडे जुळले, आणि ज्यांनी शंका विचारली होती त्या गावांना मी ते कळवले.

मी निवडून आले नाही आणि अनामतही परत मिळाली नाही. पराभूत उमेदवारालाही निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, अन्यथा तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. तो मुदतीत दिला आणि पोच घेतली.

केंद्रनिहाय निकाल हाती आल्यावर पाण्यावर सविस्तर सभा झालेल्या गावांत मला अधिक मते मिळालेली दिसली. कार्यकर्त्यांना तो सभांचा परिणाम वाटला. मला तसे म्हणता येत नाही, कारण ती गावे आम्ही ओळखीमुळे निवडली होती आणि सभा न होताही तिथे मते अधिक पडली असती. पुढच्या वेळी सभांची काही गावे तरी चिठ्ठ्या टाकून निवडावीत, असे आम्ही ठरवले आहे. सध्या सेवेत असलेली एक शास्त्रज्ञ मैत्रीण 2029 चा विचार करते आहे. तिला मी माझ्या शपथपत्राची प्रत दिली आहे, आणि निवासस्थानांच्या थकबाकीच्या दाखल्यांसाठीचे अर्ज आम्ही दोघी मिळून आत्तापासूनच लिहायला घेतले आहेत.