कोला, संत्रं आणि कोर्टकचेरी

थम्स अप आणि गोल्ड स्पॉट एकाच ग्लासात ओतण्याचा उद्योग आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कुठल्या ना कुठल्या लग्नात, मोठ्यांची नजर चुकवून केलेला आहे. ‘शी! काय कालवून ठेवलंय हे?’ असा ओरडाही खाल्लेला आहे. जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरियात, हेच कालवलेलं पेय राजरोस मेन्यूकार्डावर असतं. नाव श्पेत्सी.

कोला आणि संत्र्याचं लिमोनेड, एवढंच. कोकवाल्यांसारखी तिजोरीतली गुप्त कृती वगैरे काही नाही. आउग्सबुर्ग शहरातल्या रीगले या बिअर बनवणाऱ्या कंपनीनं १९५६ मध्ये हे नाव नोंदवलं, तेही आधी बिअरसाठी. पुढे ते या मिश्रणाला चिकटलं आणि असं चिकटलं, की आता बव्हेरियात कोणत्याही कोला-संत्र्याला लोक श्पेत्सीच म्हणतात. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो ना, तसं. कोका-कोलानं १९७३ मध्ये जर्मनीत ‘मेत्सो मिक्स’ काढलं, पेप्सीचंही ‘श्विप श्वाप’ आलं. पण गिऱ्हाईक मागायचं ते मागतंच.

मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची. जे पेय कुणालाही घरी दोन बाटल्या उघडून करता येतं, त्यावर मालकी सांगायची कशी? तर नावावर. म्युनिकच्या पाउलानर या बड्या बिअर कंपनीलाही श्पेत्सी विकायचं होतं. १९७४ मध्ये रीगलेशी करार झाला: पाउलानरनं एकदाच दहा हजार मार्क मोजायचे आणि ‘पाउलानर श्पेत्सी’ या नावानं खुशाल विकायचं. दरवर्षीची रॉयल्टी नाही, काही नाही. त्या काळी रीगलेला हा सौदा बरा वाटला असणार. पण पाउलानरचं श्पेत्सी नंतर तुफान खपलं आणि रीगलेला नवा करार हवासा वाटू लागला. त्यांनी जुना करार रद्द केल्याचं कळवलं. पाउलानर कोर्टात गेली. २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं सांगितलं, की हा भाड्यानं नाव देण्याचा करार नव्हताच. दोघांनी आपापल्या हद्दी ठरवून शेजारी नांदण्याचा तो समझोता होता, आणि तो असा एकतर्फी मोडता येणार नाही. दहा हजार मार्कांत कायमचं नाव! वडिलोपार्जित जमीन जुन्या दरानं विकून बसलेल्या कुठल्याही माणसाला रीगलेचं दुःख कळेल.

कायद्याच्या दृष्टीनं कोर्टाचं बरोबरच असेल. माझं मन मात्र आउग्सबुर्गकडे झुकतं.

बिअर गार्डनमध्ये चेस्टनटच्या झाडांखाली आजूबाजूला लिटर-लिटरचे मग आदळत असताना न पिणाऱ्याची जी पंचाईत होते, तीही हे पेय सोडवतं. मोठ्या ग्लासात येतं, रंगानं गडद, वर जरासा फेस. हातात काहीतरी भारदस्त असतं. बिचारं सफरचंदाचं सरबत घेऊन बसलं, की लोक तब्येतीची चौकशी करतात. बाटलीही बिअरचीच, अर्ध्या लिटरची, तपकिरी काचेची. रिकामी परत केली की डिपॉझिटचे पैसे मिळतात.

दुकानात दोन्ही कंपन्यांच्या बाटल्या मिळतात. तत्त्वानं रीगलेची घ्यायला हवी. पण पाउलानरच्या लेबलावर ते पिवळे-नारिंगी-जांभळे सत्तरच्या दशकातले पट्टे आहेत, आणि माझा हात तिकडेच जातो.