नोंदीत नसलेली विहीर

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये मी कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर भूजल शुद्धीकरणाचे काम पाहत होते. पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या कित्येक वर्षे पाझरत राहिल्या होत्या आणि पेट्रोलमधील बेंझिन व त्यात मिसळले जाणारे एमटीबीई ही दोन रसायने वाळूच्या थरातील पाण्यात उतरली होती. बेंझिन निदान काही प्रमाणात मातीला धरून राहते. एमटीबीई मात्र पाण्यात सहज विरघळते आणि जवळजवळ पाण्याच्याच वेगाने पुढे सरकते. सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये याच रसायनामुळे पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या. २००४ पासून कॅलिफोर्नियात पेट्रोलमध्ये ते मिसळण्यावर बंदी आली, पण आधी जमिनीत मुरलेले एमटीबीई बंदीने नाहीसे होणार नव्हते.

आम्ही ते ओझोनने नष्ट करत होतो. हवेतून वेगळा काढलेला प्राणवायू उच्च विद्युतदाबाखालून नेला की त्याचा थोडा भाग ओझोनमध्ये बदलतो. तो वायू सुमारे ४० फूट खोल बोअरच्या तळाशी बसवलेल्या सच्छिद्र तोंडातून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडला जाई. ओझोन फार काळ टिकत नाही, त्यामुळे तो साठवून आणता येत नाही, जागेवरच तयार करावा लागतो. आणि साध्या रबराला तो तडे पाडतो, म्हणून आमच्या नळ्या टेफ्लॉनच्या आणि जोड स्टेनलेस स्टीलचे होते. माझ्या आजोळी ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकत असे, ते मी लहानपणी काठावर उभी राहून पाहिले आहे. दोन्हीकडे काम ऑक्सिडीकरणाचेच, फक्त इथे ते डोळ्यांआड, जमिनीच्या पोटात चालत होते.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “माझ्या वडिलांची विहीर कालपासून खदखदतेय.” त्यांच्या आवारात विहीर आहे, हेच मला माहीत नव्हते. काम सुरू करण्यापूर्वी आम्ही आसपासच्या विहिरींच्या सरकारी नोंदी तपासल्या होत्या; त्यांत ती कुठेच नव्हती. पण हे खोरे एके काळी आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागांचे होते. बागायतदारांनी विहिरींतून इतके पाणी उपसले की सॅन होजेची जमीन जवळपास १३ फूट खचली. बागा गेल्या, घरे आली आणि अनेक विहिरी तशाच झाकून विसरल्या गेल्या.

विहीर परसातल्या लाकडी खोपटात होती. दार उघडताच गोडसर, डोक्यात जाणारा पेट्रोलचा वास आला. ओझोनचा वास, वळवात वीज कडाडून गेल्यावर येतो तसा तीक्ष्ण, अजिबात नव्हता आणि ओझोनचा मीटर शून्यावर होता. क्षणभर मला हायसे वाटले. तेवढ्यात दुसऱ्या मीटरचा गजर वाजू लागला: खोपटातील प्राणवायू २३.५ टक्क्यांच्या धोक्याच्या रेषेवर गेला होता. ओझोन वाटेतच खर्ची पडला होता, पण आम्ही सोडत असलेला वायू बहुतांशी प्राणवायूच होता, आणि तो पाण्यातली पेट्रोलची वाफ सोबत घेऊन त्या बंद खोलीत साठत होता. आजोबांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेलेला मला दिसला; तिथली एक ठिणगीही पुरली असती. मी त्यांचे मनगट धरले आणि त्यांना तसेच मागच्या मागे अंगणात आणले. मग सहकाऱ्याला फोन करून यंत्रणा बंद करवली, अग्निशमन दलाला कळवले आणि वारा खेळावा म्हणून दार सताड उघडे ठेवले.

दुपारी आम्ही झाकण काढले तेव्हा बुडबुडे मंदावले होते. केसिंगच्या, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या नळीच्या, गंजलेल्या पत्र्याला आतून शेवाळी पाण्याची ओली रेघ होती आणि तिच्या खाली एकेक बुडबुडा येऊन फुटत होता. आमचे इंजेक्शनचे, म्हणजे वायू सोडण्याचे, बोअर तिथून ८० फुटांवर, आणि वायू २० फुटांपलीकडे पसरणार नाही असा आमचा हिशेब होता. मी पुण्यात बसाल्टवर शिकले. कातळात पाणी भेगांमधून कुठे जाईल याचा नेम नसतो, हे मला तोंडपाठ होते. पण या गाळाच्या मऊ जमिनीत बुडबुडे सरळ वर येतील असे मी धरून चालले होते. २५ फूट खोलीवर चिकणमातीचा थर होता. वायू त्या छताखाली अडला आणि आडवा सरकत राहिला, तो त्या छताला जिथे भोक मिळाले तिथवर. ते भोक म्हणजे ही विहीर.

विहिरीची खोली मोजली तर ती ११० फूट निघाली. म्हणजे आमच्या दूषित थराला भेदून ती खालच्या पाण्यापर्यंत गेलेली होती, आणि केसिंगला दोन्ही थरांत छिद्रे होती. बुडबुडे वर येत होते त्याच वाटेने एमटीबीई वर्षानुवर्षे खाली उतरत असणार, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. तळाच्या नमुन्यात ते सापडलेच. थोडे, पण सापडले. ओझोनमुळे जमिनीतील क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते आणि पाण्यातील ब्रोमाइड या क्षाराचे ब्रोमेट हे घातक रसायन होऊ शकते, म्हणून त्याही चाचण्या करून घेतल्या. त्या सुदैवाने मर्यादेत आल्या.

त्या बाजूची दोन इंजेक्शनची बोअर आम्ही कायमची बंद केली, उरलेल्यांत वायू थोड्या थोड्या वेळाने, आळीपाळीने सोडू लागलो, आणि जुनी विहीर बुजवण्याचा परवाना काढला. सिमेंटचा गारा नळीने थेट तळाशी सोडला, म्हणजे तो खालून वर चढत पाण्याला बाहेर ढकलतो आणि मध्ये पोकळी राहत नाही. बाहेर येणारे पाणी आम्ही पिंपांत भरून घेत होतो. पहिली पिंपे नितळ होती, नंतरच्यांना पेट्रोलचा वास येत होता. आजोबा खुर्ची टाकून अखेरपर्यंत बसून होते. गारा तोंडाशी आला तेव्हा त्यांनी विहिरीचे लाकडी झाकण मागून घेतले, त्यावरची माती हाताने झाडली आणि ते घरात घेऊन गेले.